औषधाचा स्वभाव

भाऊजींचं म्हणणं असं, की झोपेची गोळी कोण घेणार हे माणसाच्या स्वभावात आधीच लिहिलेलं असतं. वहिनींचं म्हणणं असं, की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, आणि तेही वाचता येणार नाही अशा अक्षरात.

भाऊजी मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वहिनी बी. फार्म. झालेल्या आणि गेली कित्येक वर्षं सांगलीत स्वतःचं मेडिकल चालवणाऱ्या. दुपारी दोन ते चार दुकानात फारसं कोणी फिरकत नाही. त्या वेळात भाऊजी जेवण आटोपून काउंटरच्या आतल्या स्टुलावर येऊन बसतात आणि घरात अर्धवट राहिलेले वाद तिथं पुरे होतात. दोघंही साठी ओलांडलेले. माघार घ्यायची सवय दोघांनाही नाही.

परवाचा विषय निघाला तो एका नोंदवहीवरून. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिली जाणारी औषधं आपल्याकडे शेड्यूल एच-वन या यादीत येतात. यादी निघाली २०१३ मध्ये, लागू झाली मार्च २०१४ पासून. तिच्यातलं औषध विकलं की वेगळ्या वहीत नोंद करायची: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कुठलं, किती दिलं. ती वही तीन वर्षं सांभाळायची. वहिनींनी दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीनं पाच गोळ्या कापल्या, एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा मागे ठेवला, ‘पुढच्या वेळी नवी चिठ्ठी आणायची हं काका’ असं बजावलं आणि वहीत ओळ भरली. सगळीच दुकानं इतकं पाळतात असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

“तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “स्वभावाचा.”

“तो भरायला तुम्ही बसा. पगार मिळणार नाही.”

भाऊजींनी मग आपली बाजू मांडली, आणि ती उडवून लावण्यासारखी नव्हती. हान्स आयझेंकपासून पुढे मानसशास्त्रानं स्वभाव मोजायच्या ज्या पट्ट्या तयार केल्या, त्यांत न्यूरॉटिसिझम ही जवळजवळ सर्वमान्य. लहानशा गोष्टीनं मन ढवळून निघणं, ते लवकर न निवळणं, उद्याची काळजी आजच करून ठेवणं, हे सगळं त्यात आलं. निद्रानाशाचा स्वभावाच्या अंगानं जिथं जिथं अभ्यास झाला, तिथं तिथं हा गुण वर आला. बहिर्मुखपणा, काटेकोरपणा, नव्याची ओढ यांचा धागा कधी सापडतो, कधी सुटतो. हा मात्र सुटत नाही. २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं तेरा लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. निद्रानाशाशी संबंध असलेल्या २०२ जागा सापडल्या. गंमत अशी, की झोपेच्या इतर सवयींपेक्षा त्यांचं नातं नैराश्य, चिंता आणि न्यूरॉटिसिझम यांच्याशी जास्त जवळचं निघालं.

“ज्याचं मन दिवसा स्वस्थ बसत नाही, ते रात्री तरी कसं बसेल?” भाऊजी म्हणाले. “आपले वैद्य तेच सांगत आले. वातप्रकृतीच्या माणसाला झोप कमी.”

“सासूबाई वातप्रकृतीच्याच होत्या,” वहिनी म्हणाल्या. “रात्र रात्र कूस बदलायच्या. पण उभ्या जन्मात झोपेची एक गोळी घेतली नाही त्यांनी. का? कोणी दिलीच नाही म्हणून.”

“आईचं वेगळं होतं.”

“सगळ्यांच्या आईचं वेगळंच असतं, भाऊजी.”

भाऊजींची आकडेवारी कितीही भक्कम असली, तरी ती बहुतांशी झोप न लागण्याची होती. गोळी घेणं ही पुढची पायरी. त्या पायरीवर जायला डॉक्टर लागतो, दुकान लागतं, पैसे लागतात, ‘घे गं, त्यात काय एवढं’ म्हणणारी शेजारीण लागते. काळजीखोर माणूस डॉक्टरकडे लवकर जातो हे खरं, पण तोच काळजीखोर माणूस गोळीच्या खोक्यातला दुष्परिणामांचा कागद शेवटपर्यंत वाचतो आणि गोळी कपाटात ठेवून देतो, हेही खरं. एकाच स्वभावातून दोन उलट्या वाटा फुटतात. वहिनींनी दोन्ही प्रकारची माणसं पाहिलेली आहेत. गोळ्या परत घ्याल का म्हणून विचारायला येतात ती दुसऱ्या प्रकारची.

भाऊजींनी मग हुकमाचं पान काढलं. अँथनी केल्स, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथले निद्राशास्त्रज्ञ. झोपेचे टप्पे कसे मोजायचे याची जी नियमपुस्तिका जगभरच्या प्रयोगशाळांनी पुढे कित्येक वर्षं वापरली, ती १९६८ मध्ये अ‍ॅलन रेक्टशाफेन आणि या केल्सनी मिळून तयार केली होती. १९७६ मध्ये केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रानाशाच्या रुग्णांकडून मिनेसोटा विद्यापीठाची प्रसिद्ध प्रश्नावली भरून घेतली. साडेपाचशे-एक विधानं, प्रत्येकासमोर ‘खरं’ किंवा ‘खोटं’. बहुतेक रुग्णांच्या उत्तरांत कुठली ना कुठली पट्टी सर्वसाधारण मर्यादेच्या बाहेर गेलेली निघाली. केल्सनी त्याचा अर्थ असा लावला, की ही माणसं राग, दुःख, भांडण बाहेर काढत नाहीत, आतल्या आत दाबतात. दिवसा कामाच्या रगाड्यात ते दबलेलं राहतं. अंथरुणाला पाठ टेकली, की शरीर टक्क जागं होतं.

“राग गिळणारी, सगळ्यांचं ऐकून घेणारी, तोंडातून ब्र न काढणारी माणसं,” भाऊजींनी समजावून सांगितलं.

“म्हणजे आमच्या पिढीतल्या सगळ्या सुना.”

भाऊजी हसले. वहिनी हसल्या नाहीत. “मला एक सांगा, ही प्रश्नावली भरून कधी घेतली? झोप उडून वर्षं लोटल्यावरच ना? वर्षानुवर्षं धड न झोपलेल्या माणसाला विचारायचं, तुमची चिडचिड होते का, मन उदास असतं का. तो काय ‘नाही, छान चाललंय’ म्हणणार?”

भाऊजींचा एक गुण त्यांचे विद्यार्थीही सांगतात: स्वतःविरुद्धचा पुरावा ते लपवत नाहीत. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांचा २००७ चा प्रयोग त्यांनीच वहिनींच्या हाती दिला. धडधाकट तरुणांना एक रात्र जागं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्रासदायक चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. मेंदूत भीती आणि भावनांची दखल घेणारा अमिग्डाला हा भाग, झोपलेल्या मुलांच्या तुलनेत, सुमारे ६० टक्के जास्त उसळला. एका रात्रीत एवढं. तेव्हा स्वभावानं झोप उडवली की झोपेनं स्वभाव बिघडवला, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही, हे भाऊजींनी कबूल केलं. “पण जनुकं तर झोप उडायच्या आधीची असतात ना?” एवढं मात्र त्यांनी राखून ठेवलं.

“आता माझं ऐका,” वहिनी म्हणाल्या. “माणसाच्या स्वभावावर एवढं संशोधन केलंत. गोळीला स्वभाव नसतो?”

आणि इथं त्यांनी भाऊजींचाच साक्षीदार फोडला. ज्या केल्सनी १९७६ मध्ये रुग्णांच्या मनात कारण शोधलं, त्याच केल्सनी दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकात गोळीच्या अंगाचं एक कारण मांडलं. अंमल लवकर उतरणाऱ्या काही झोपेच्या गोळ्या प्रयोगशाळेत थोडेच दिवस देऊन बंद केल्या, तर त्या रात्री झोप नुसती पूर्वीइतकी वाईट होत नव्हती; गोळी सुरू करण्याआधी होती त्याहून वाईट होत होती. उलटून येणारा हा निद्रानाश औषधाचाच परिणाम होता. मेंदूला शांत करणारी जी रसायनं असतात, त्यांतल्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर या गोळ्या वाढवतात. मेंदू त्या बाहेरच्या मदतीची सवय करून घेतो, आपला स्वतःचा लगाम सैल सोडतो. मदत अचानक काढून घेतली, की घोडा चौखूर उधळतो.

वहिनींना यातलं शास्त्र कॉलेजातच शिकवलेलं. पण काउंटरवर ते कसं दिसतं, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. एखाद्या बाईंचं ऑपरेशन होतं. वॉर्डात दिव्यांचा उजेड, शेजारच्या खाटेवरचं कण्हणं, म्हणून रात्री एक गोळी दिली जाते. डिस्चार्ज कार्डावर ती तशीच उतरते. पुढच्या खेपेला फॅमिली डॉक्टर जुनी चिठ्ठी बघून पुन्हा लिहितात. चार महिन्यांनी बाई स्वतःच म्हणतात, आता बास. दोन रात्री गोळी घेत नाहीत. डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, हात थरथरतात. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगतात, “मला नाही हो गोळीशिवाय जमत.” सोबत आलेला मुलगा हसून म्हणतो, “आईचा स्वभावच काळजीचा.”

“गोळी उतरतेय त्याची लक्षणं ती,” वहिनी म्हणाल्या. “आणि बिल फाडलं जातं स्वभावावर.”

हे बिल फाडण्याची रीत जुनी आहे. १८६९ मध्ये जर्मनीत क्लोरल हायड्रेट झोपेचं औषध म्हणून आलं. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी व्हेरोनाल आणलं आणि बार्बिट्युरेट गोळ्यांचं युग सुरू झालं. त्या गोळ्यांनी माणसं दगावू लागली, तेव्हा अधिक सुरक्षित पर्याय म्हणून रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेली बेन्झोडायझेपाइन औषधं आली: १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम. (या इतिहासात आपलाही हात आहे. पुढे मँड्रॅक्स म्हणून बदनाम झालेलं मेथाक्वालोन १९५१ मध्ये भारतात काकर आणि सय्यद हुसेन झहीर या संशोधकांनी तयार केलं होतं, तेही मलेरियावर औषध शोधताना.) आपल्याकडे व्हॅलियमचा भाऊ काम्पोज नावानं आला आणि इतका रुळला, की जुनी माणसं अजून झोपेच्या कुठल्याही गोळीला काम्पोजच म्हणतात. बराच काळ वैद्यकातला समज असा होता, की या नव्या गोळ्यांची चटक लागली तर ती मुळात व्यसनी वळणाच्या माणसांना, किंवा भलताच डोस घेणाऱ्यांना. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये माल्कम लेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की डॉक्टरांनी सांगितलेल्या नेहमीच्या डोसवर राहिलेल्या सालस, नियम पाळणाऱ्या पेशंटनाही गोळी सोडताना तीच शारीरिक ओढाताण सोसावी लागते.

बायकांचा मुद्दा काढल्याशिवाय वहिनींचा कुठलाही वाद संपत नाही, आणि या विषयात तर तो मधोमध बसलेला आहे. झोपेच्या गोळ्या बायकांना जास्त लिहून दिल्या जातात, हे देशोदेशी दिसतं. न्यूरॉटिसिझमच्या पट्टीवर बायकांची सरासरी पुरुषांपेक्षा वर असते, हेही देशोदेशी दिसतं. भाऊजींना या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालायचा मोह झाला.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “ती जाहिरात तुम्हीच दाखवली होतीत.”

जाहिरात १९७० ची, व्हॅलियमची, डॉक्टरांच्या नियतकालिकात आलेली. मथळा साधारण असा: पस्तिशीची, अविवाहित आणि मनोविकारग्रस्त. जॅन नावाच्या एका बाईचे पंधरा-वीस वर्षांतले फोटो, प्रत्येकात शेजारी वेगळा पुरुष, शेवटी एकटी. मजकुराचा रोख असा, की वडिलांच्या तोडीचा नवरा हिला मिळालाच नाही, आता औषध द्या. म्हणजे लग्न न झालेली बाई हे निदान, आणि त्यावर गोळी. भाऊजी आपल्या वर्गात ती जाहिरात दाखवत, तेव्हा मुली चिडत आणि मुलं आधी हसून मग गप्प होत.

“बाईचा स्वभाव कोणत्या पट्टीनं मोजला, आणि पट्टी कोणाच्या हातात होती, तेही लिहा रकान्यात,” वहिनी म्हणाल्या. आणि लगोलग दुसरं उदाहरण: झोल्पिडेमला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली. बाईला आणि पुरुषाला डोस एकच, १० मिलिग्रॅम. २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं बायकांचा डोस निम्मा करायला लावला, कारण बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त उरतं आणि गाडी चालवणं धोक्याचं होतं. वीस वर्षं बायका सकाळी सुस्त, गोंधळलेल्या उठत होत्या. त्यांतल्या किती जणींना ‘तुमचा स्वभावच असा’ हे ऐकावं लागलं असेल, ते कुठल्याच वहीत नोंदलेलं नाही.

भाऊजींनी यावर झोल्पिडेमच पुढे केलं, जरा खट्याळपणानं. २०१८ मध्ये अमेरिकी विनोदी अभिनेत्री रोझॅन बार यांनी एका कृष्णवर्णीय महिलेबद्दल वंशद्वेषी ट्वीट केलं. त्यांची मालिका बंद पडली. त्यांनी दोष दिला रात्री घेतलेल्या अँबियनला, म्हणजे झोल्पिडेमलाच. औषधाची कंपनी सनोफी हिनं जाहीर उत्तर दिलं, की सगळ्या औषधांना दुष्परिणाम असतात, पण वंशद्वेष हा आमच्या कुठल्याही औषधाचा ज्ञात दुष्परिणाम नाही.

“बघा. कंपनी माझ्या बाजूची,” भाऊजी म्हणाले.

“त्यांनी पुढच्या वर्षीचा इशाराही वाचायला हवा होता.” २०१९ मध्ये अमेरिकेत त्याच औषधाच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक इशाऱ्याची चौकट छापणं बंधनकारक झालं. गोळी घेतलेली माणसं झोपेतच उठून चालली, गॅस पेटवून स्वयंपाकाला लागली, गाडी घेऊन रस्त्यावर गेली, आणि सकाळी त्यांना काही आठवलं नाही. काही जणांचा जीव गेला. यांत पहिल्यांदाच गोळी घेतलेली माणसंही होती. बार यांच्या ट्वीटबद्दल सनोफीचंच बरोबर, हे वहिनींनाही मान्य. पण जे स्वभावात नव्हतं तेही गोळी माणसाकडून करवून घेऊ शकते, यावर त्या ठाम राहिल्या.

मग प्रश्न असा, की एवढं करून मिळतं काय? २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं एक विश्लेषण छापलं. अमेरिकी औषध प्रशासनाकडे कंपन्यांनीच दिलेली झोल्पिडेमच्या जातकुळीतल्या औषधांची माहिती त्यात पुन्हा तपासली होती. नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत झोप लागण्यातला फरक, यंत्रानं मोजलेला: सरासरी २२ मिनिटं. पेशंटनी स्वतः सांगितलेला फरक त्याहूनही कमी.

“बावीस मिनिटांसाठी लोक आयुष्यभर गोळी घेतात?” वहिनी म्हणाल्या.

आणि इथं भाऊजींच्या बाजूला बळ आलं, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. कारण बावीस मिनिटं सगळ्यांना सारखी नसतात. एकाला ती खिडकीतून बाहेर बघत सरतात. दुसरा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो, आता झोपलो तर साडेपाच तास मिळतील, आता पाच, असा हिशेब करतो, आणि त्या हिशेबानंच जागा राहतो. कॅनडातले चार्ल्स मोरिन यांनी झोपेबद्दलच्या अशा हटवादी समजुती मोजणारी प्रश्नावलीच तयार केली: आठ तास मिळालेच पाहिजेत, एक रात्र गेली तर दुसरा दिवस वाया, झोपेवर माझा ताबा उरला नाही. या समजुतींना काळजीखोर, काटेकोर मन जास्त घट्ट धरून बसतं. शिवाय बेन्झोडायझेपाइन गोळ्या मधल्या जागं होण्याच्या आठवणीही पुसतात. सकाळी आठवत नाही ते घडलंच नाही, असं माणूस समजतो. ज्याला रात्रीच्या जागेपणाची धास्ती आहे, त्याला ही विस्मृती हीच मोठी भेट वाटते.

गोळी सोडतानाही स्वभाव डोकावतो. फिलाडेल्फियात कार्ल रिकेल्स आणि एडवर्ड श्वायझर यांनी १९९० मध्ये वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांचा डोस हळूहळू उतरवून पाहिला. त्रास कोणाला किती झाला यात डोसचा वाटा होताच. पण धीमेपणानं उतरवल्यावर परावलंबी आणि काळजीखोर वळणाच्या पेशंटना जास्त जड गेलं. अचानक तोडलं तर रसायनशास्त्र गाजतं. हळू सोडलं तर मन बोलायला लागतं, असं भाऊजींनी ते सांगितलं. वहिनींनी ते ऐकून घेतलं. उलट उत्तर दिलं नाही, हे त्यांच्यासाठी बरंच झालं.

भाऊजींचा सर्वांत ताजा पुरावा पुन्हा अ‍ॅमस्टरडॅमचा. टेसा ब्लांकेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या चार हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून निद्रानाशाचे पाच प्रकार वेगळे काढले. आजवर प्रकार पाडले जात ते तक्रारीवरून: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे जाग येते. ब्लांकेननी तक्रार बाजूला ठेवली आणि स्वभाव, भावना, आयुष्यातले प्रसंग यांवरून गट पाडले. एका गटातली माणसं सतत कष्टी. दुसऱ्यातली मध्यम कष्टी, पण चांगलं घडलं की फुलणारी. तिसऱ्यातली तितकीच कष्टी आणि आनंदालाही थंड. उरलेले दोन गट फारसे कष्टी नाहीत. एकाची झोप आयुष्यातल्या धक्क्यांनी लगेच हलते, दुसऱ्याची हलत नाही. सुमारे पाच वर्षांनी पुन्हा तपासलं, तर बहुतेक जण आपापल्या गटातच होते. आणि बेन्झोडायझेपाइनचा गुण या गटांना सारखा आलेला नव्हता.

“म्हणजे स्वभाव न बघता सगळ्यांना तीच गोळी देणं चूक,” भाऊजी म्हणाले. “एवढं तरी मान्य करा.”

“मान्य. पण चिठ्ठी घेऊन समोर उभा असलेला माणूस पाचांतला कुठला, ते मला काउंटरवरून कसं कळणार? आणि दोन मिनिटांत पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला तरी कसं?”

याचं उत्तर भाऊजींकडे नव्हतं. वहिनींकडे मात्र दुकानदाराला शोभेल असं एक उदाहरण होतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये कारा टॅनेनबाउम आणि सहकाऱ्यांनी औषधांच्या दुकानांमार्फत ६५ वर्षांवरची, दीर्घकाळ बेन्झोडायझेपाइन घेणारी ३०३ माणसं निवडली. निम्म्यांच्या घरी टपालानं एक पुस्तिका धाडली. खरं-खोटं ओळखायचे मोजके प्रश्न, म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जाणं, हाड मोडणं, विसर पडणं यांचा धोका, गोळी सोडलेल्या एका बाईची गोष्ट, आणि २१ आठवड्यांत पूर्ण, अर्धी, पाव असं उतरत जाणारं चित्रांचं वेळापत्रक. सोबत डॉक्टरांशी बोलण्याची सूचना. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण बंद केली होती, आणखी ११ टक्क्यांनी कमी केली होती. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती, त्यांच्यात बंद करणारे ५ टक्के. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. वय, स्त्री की पुरुष, गोळी किती वर्षांपासून चालू, यांनी निकालात फारसा फरक पडला नाही.

“कोणाचा स्वभाव बदलला नाही, कोणाला मानसोपचार दिले नाहीत. एक कागद पाठवला,” वहिनी म्हणाल्या. “शंभरातल्या बावीस जास्त माणसांची गोळी सुटली.”

“आणि ज्यांची सुटली नाही ते? बहात्तर-त्र्याहत्तर टक्के? तुमच्या यादीत वय आहे, वर्षं आहेत. स्वभाव कुठे आहे?”

“ते तुम्ही शोधा. मी तोवर सत्तावीस घेते.”

अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं, की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसावा, विचार आणि सवयी बदलणारी थेरपी असावी: झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, जाग आली तर उठून बसायचं, लोळण्याचे तास कमी करायचे. वहिनींनी भाऊजींना विचारलं, सांगलीत हे देणारे किती जण आहेत, आणि एका बैठकीचे किती घेतात. भाऊजींनी दोन नावं सांगितली, मग एक पुण्याला गेल्याचं आठवलं.

शेवटी ठरलं ते असं, की क्वेबेकच्या पुस्तिकेसारखं एक पत्रक मराठीत काढायचं. वहिनींची पहिली अट, की आधी गल्लीतल्या तिन्ही डॉक्टरांना दाखवायचं आणि वर ठळक छापायचं: मनानं गोळी तोडू नका, एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात. भाऊजींना त्यात वीस प्रश्नांची स्वभावचाचणी घालायची होती. वहिनींनी तीनवर आणलं: पहिली गोळी कोणी आणि कधी दिली, तेव्हा काय झालं होतं, आणि ते कारण आता शिल्लक आहे का. भाऊजींनी चौथा लावून धरला: गोळी घ्यायची राहिली, तर नेमकी कशाची भीती वाटते? बरीच घासाघीस होऊन तो राहिला. छपाईचे पैसे कोणी घालायचे, यावर अजून एकमत झालेलं नाही.